जरा वरून घ्या

उडत्या मोटारी कधी येणार, याची वर्षं ठरलेली होती. ती एकेक करून येऊन गेली. 'बॅक टू द फ्यूचर'च्या दुसऱ्या भागात नायक ज्या भविष्यात जाऊन पोहोचतो ती तारीख होती २१ ऑक्टोबर २०१५. तिथे मोटारी लोकांच्या डोक्यावरून ये-जा करतात. प्रत्यक्षात ती तारीख उजाडली तेव्हा दुसऱ्या दिवशी दसरा होता, आणि आपल्याकडची मंडळी शोरूममध्ये उभी राहून, उद्या मुहूर्ताला गाडी मिळणार की नाही, यावरून सेल्समनला धारेवर धरत होती. मिळाल्या त्या गाड्या चारही चाकांखाली लिंबं चिरडत घरी गेल्या. 'ब्लेड रनर' हा सिनेमा १९८२ सालचा, पण त्यातलं लॉस एंजेलिस नोव्हेंबर २०१९ मधलं. त्यात पोलिसांची गाडी जागच्या जागी सरळ वर उठते. तो नोव्हेंबर आला आणि गेला. त्यानंतर चारच महिन्यांत टाळेबंदीची अशी वेळ आली, की उडणं राहिलं बाजूला, खाली पार्किंगमध्ये उभ्या गाड्यांच्या बॅटऱ्या उतरल्या.

आता उरलं २०६२. 'द जेट्सन्स' ही अमेरिकन कार्टून मालिका १९६२ साली आली आणि तिने शंभर वर्षं पुढचं चित्र काढून ठेवलं. त्यातला बाप उडत्या गाडीतून ऑफिसला जातो, पोचल्यावर गाडीची घडी घालतो आणि तिची ब्रीफकेस करून काखोटीला मारतो. सगळ्या विज्ञानकथांत मला हा एकटाच शहाणा वाटतो. बाकीच्यांनी गाडी उडवली. ती ठेवायची कुठे, हा विचार फक्त यानं केला.

सिनेमावाल्यांना एका गोष्टीचं श्रेय द्यायला हवं. उडत्या मोटारी काढल्या की लगेच त्यांनी त्यांची कोंडीही काढली. 'बॅक टू द फ्यूचर'मधला शास्त्रज्ञ, आकाशमार्ग तुंबलाय म्हणून कुरकुरतो. 'द फिफ्थ एलिमेंट'मध्ये तेविसावं शतक आहे, नायक उडती टॅक्सी चालवतो, त्याच्या लायसनवरचे गुण संपत आले आहेत आणि वर-खाली, पुढे-मागे गाड्याच गाड्या. म्हणजे ज्यांना एक नटबोल्टसुद्धा आवळायचा नव्हता, नुसती कल्पना करायची होती, त्यांनाही रिकामं आकाश काही कल्पता आलं नाही. इंजिनिअर लोकांना मात्र ते कायम रिकामंच दिसत आलं आहे. मोटार उडावी, एवढंच हे स्वप्न कधीच नव्हतं. आपली उडावी आणि बाकीच्यांच्या खालीच राहाव्यात, हे ते स्वप्न आहे. ट्रॅफिकमध्ये अडकलेला माणूस 'मला पंख हवे होते' म्हणतो तेव्हा शेजारच्या रिक्षालाही पंख असावेत, असं त्याच्या मनात चुकूनही येत नाही.

ज्यूल व्हर्नला हे बरोब्बर कळलं होतं. १९०४ सालच्या 'मास्टर ऑफ द वर्ल्ड' या कादंबरीत त्याने एक यंत्र लिहिलं. ते रस्त्यावर धावतं, पाण्यावर तरंगतं, पाण्याखाली जातं आणि उडतंही. सरकार ते विकत घ्यायला तयार होतं, मालक विकायला तयार होत नाही. उलट तो स्वतःला जगाचा स्वामी म्हणवून घेतो. एकुलता एक नग आपल्याकडे असला की माणसाला असं वाटू लागतंच. शेवटी त्या यंत्रावर वीज पडते. आपल्याकडचं पुष्पक विमानही एकच. ते कुबेराचं, रावणाने बळकावलेलं. लंकेहून अयोध्येला आल्यावर रामाने ते मूळ मालकाकडे परत पाठवलं. यामागे रामाचा न्यायीपणा आहे, हे तर खरंच. पण एवढी मोठी वस्तू दारात उभी राहिली असती तर अयोध्येत चार माणसांनी 'हे किती दिवस इथे?' असं विचारलंच असतं.

गोष्टींतून खऱ्या जगात यायचं तर सुरुवात १९१७ सालापासून करावी लागते. ग्लेन कर्टिसने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात पंखवाली मोटार मांडली. तिने थोड्या उड्या मारल्या; उड्डाण म्हणता येईल असं काही केलं नाही. हेन्री फोर्डने घरोघरी मोटार नेऊन ठेवल्यावर घरोघरी विमान नेण्याचं मनावर घेतलं आणि १९२६ साली एका माणसापुरतं छोटं विमान बनवलं. त्याचा तरुण वैमानिक १९२८ साली फ्लोरिडाजवळ समुद्रात कोसळून गेला, आणि फोर्डने तो विषय मिटवला. तरीही १९४० साली त्याने, आज हसाल पण मोटार आणि विमान एक होणारच, असं भाकीत करून ठेवलं.

मला यातला सगळ्यात आवडता माणूस रॉबर्ट फुल्टन. १९३२ साली हा गडी लंडनहून टोकियोला जायला मोटारसायकलवर निघाला. वाटेत त्याने आपल्या हिंदुस्थानातले रस्तेही तुडवले. त्यानंतर चौदा वर्षांनी त्याने उडती मोटार बनवली, यात मला तरी काही योगायोग दिसत नाही. 'एअरफिबियन' हे तिचं नाव. १९५० साली तिला अमेरिकन सरकारचं रीतसर प्रमाणपत्र मिळालं. असं मिळवणारी ती पहिली. तिची सोय अशी, की विमानतळावर उतरायचं, पंख आणि शेपटी सोडवून तिथेच ठेवायची आणि उरलेल्या मोटारीतून गावात जायचं. कल्पना चोख होती. पण देवळाबाहेर चपला काढून आत गेलेल्या माणसाचं लक्ष गाभाऱ्यात किती असतं, हे आपल्याला माहीत आहे. इथे तर बाहेर पंख ठेवलेले.

कॉनव्हेअर कंपनीने मग पंख सोबतच ठेवायचं ठरवलं. हलकी, चार माणसांची मोटार. तिच्या टपावर विमानाचं इंजिन, पंख आणि शेपटी असा सगळा संसार बसवायचा. मोटारीला एक इंजिन, विमानाला दुसरं. म्हणून टाक्या दोन. म्हणून पेट्रोलचे काटेही दोन. १९४७ च्या नोव्हेंबरात सॅन डिएगोजवळ चाचणीला निघालेल्या वैमानिकाने काटा पाहिला, टाकी भरलेली होती, तो निश्चिंत झाला. त्याने पाहिला तो मोटारीचा काटा, असं सांगतात. विमानाची टाकी संपत आली होती. थोड्या वेळाने वरचं इंजिन बंद पडलं आणि भरल्या टाकीची ती मोटार एका कच्च्या रस्त्यावर येऊन आदळली. वैमानिक किरकोळ जखमांवर बचावला. गाडीचं मात्र काही राहिलं नाही.

आपल्याकडे जुन्या स्कूटरच्या पिढीला हा प्रश्न पडलाच नसता, कारण काट्याची तिला सवयच नव्हती. टाकीचं झाकण उघडायचं, गाडी दोन्ही हातांनी हलवायची, आत डोकवायचं आणि कान देऊन ऐकायचं. संपलंच असेल तर स्कूटर एका अंगावर आडवी करायची, क्षणभर तशीच धरायची, उभी करून किक मारायची. पंपापर्यंत ती जातेच. ही विद्या अमेरिकेत पोचली नव्हती. पोचली असती तरी टपावर पंख असलेली मोटार हवेत आडवी करून पुन्हा किक मारणं कितपत जमलं असतं, शंका आहे.

या सगळ्यांत खरी बाजी मारली मोल्टन टेलरने. वॉशिंग्टन राज्यातल्या लाँगव्ह्यू गावचा हा माणूस. त्याची 'एरोकार' १९४९ साली उडाली आणि १९५६ साली तिला प्रमाणपत्रही मिळालं. पंख दुमडायचे आणि ट्रेलरसारखे मागे जोडून ओढत न्यायचे. चपला आत घेऊन जायची सोय झाली म्हणा ना. एका मोठ्या कंपनीने शब्द दिला, की ५०० गिऱ्हाइकं आणा, कारखाना आम्ही घालतो. गिऱ्हाइकं आली साधारण निम्मी. बोलणी फिसकटली. एकंदर सहा एरोकार बनल्या. तेव्हा 'अजून तंत्रज्ञान तेवढं पुढे गेलं नाही' असं जे सांगितलं जातं, ते सत्तर वर्षांपूर्वीच निकालात निघालेलं आहे. मोटार उडत होती, सरकारचा शिक्का होता, अमेरिकेत पैसा होता, हौस होती. माणसांनी पाहिली, वा वा केलं आणि साधी मोटार घेऊन घरी गेली.

का गेली? मोटार ही धक्के खायला बनवलेली वस्तू आहे. ती वजनदार, मजबूत, बंपर लावलेली असावी लागते. विमानात ग्रॅम-ग्रॅम वाचवावा लागतो. दोन्ही एकात घातलं की रस्त्यावर भित्री मोटार आणि हवेत जड विमान असं काहीतरी हाती येतं. आमच्या सोसायटीच्या तळमजल्याच्या पार्किंगमध्ये एक खांब आहे. त्याच्या कोपऱ्याला कमरेइतक्या उंचीवर पांढरा, लाल, करडा, निळा असे रंगांचे थर बसलेले आहेत. एखाद्या भूगर्भशास्त्रज्ञाला त्यावरून सोसायटीतल्या सगळ्या गाड्यांची वंशावळ सांगता येईल. गाडी तिथे घासली की मालक उतरतो, ओरखड्याला थुंकी लावून अंगठ्याने चोळून पाहतो, विमा मागावा की नको याचा थोडा विचार करतो आणि तशीच चालवतो. विमानाला असा ओरखडा पडला, तर परवानाधारक इंजिनिअरने तपासून सही करेपर्यंत ते जागचं हलवता येत नाही. पेपरवाल्या पोराची सायकल रोज सकाळी ज्या गाडीला टेकते, तिच्यातून दोन हजार फुटांवर जाण्याची छाती कुणाची होईल?

आणि सोसायटीची वार्षिक सभा डोळ्यांसमोर आणून पाहा.

"काका, तुमचा पंख माझ्या जागेत येतोय."

"अरे बाळा, दुमडलेला आहे तो."

"दुमडूनच येतोय म्हणतोय मी. उघडला तर जिन्यात जाईल."

मग कुणीतरी सुचवणार, की गच्चीवर उतरवू द्या. यावर वरच्या मजल्यावरच्या काकू उभ्या राहणार. त्यांचं छत गेले कित्येक पावसाळे गळतंय, वॉटरप्रूफिंगचा ठराव दर सभेत मंजूर होतो, आणि आता वर मोटारी उतरवणार? शिवाय त्यांचं पापड-कुरडयांचं वाळवण. ते गाऱ्हाणं तर विज्ञानाला धरून आहे. हवेत तरंगायचं तर वजन तोलून धरण्याइतकी हवा जोराने खाली ढकलावीच लागते. त्याला कुठल्याही कंपनीकडे पळवाट नाही. एक गाडी उतरली की तीन इमारतींचे पापड चौथीवर. सेक्रेटरी शेवटी फाटकावर पाटी लावून मोकळे होणार: 'उडती वाहने आवाराबाहेर उतरवावीत. हुकुमावरून.'

लायसनचं तर बोलायलाच नको. आरटीओच्या मैदानावर दुचाकीचा आठ काढून दाखवायचा असतो. आकाशात आठ काढणारी माणसं हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकात असतात आणि त्यांना बघायला लोक गर्दी करतात. राँग साइडने येणारा रस्त्यावर फक्त समोरून येतो. वर तो खालूनही येईल आणि डोक्यावरूनही, आणि वर येऊन 'दिसत नाही का?' असं आपल्यालाच विचारेल. हॉर्न वाजवून उपयोग नाही. गाडी बंद पडली तर खाली उतरून धक्का मारायला पोरं मिळणार नाहीत.

तरी आपल्याकडे उडती मोटार नाही असं कसं म्हणणार? हेलिकॉप्टर आहे की. जागच्या जागी वर उठतं, कोंडीवरून जातं, कुठल्याही मैदानात उतरतं. ब्राझीलमधल्या साओ पाउलोत श्रीमंत लोक ते मोटारीऐवजी वापरतात. आपल्याकडे ते निवडणुकीत दिसतं. तालुक्याच्या शाळेचं मैदान, चुन्याने काढलेला गोल आणि त्यात एच, धूळ बसावी म्हणून टँकरने मारलेलं पाणी. पंखा जवळ आला की ते पाणी मारून उपयोग झाला नाही हे सगळ्यांना एकदमच कळतं. टोप्या, मंडपाची कापडं, कार्यकर्त्यांनी धरलेले हार सगळं एका दिशेला. गर्दीतली निम्मी माणसं हेलिकॉप्टर पाहायलाच आलेली असतात आणि भाषण सुरू झालं की त्यांची नजर मैदानाकडेच असते. एका माणसाला उतरवण्यासाठी एवढा बंदोबस्त लागतो. हे रोज सकाळी नऊ वाजता हिंजवडीत प्रत्येकासाठी करायचं आहे.

मघाशी सोसायटीच्या गच्चीचा विषय निघाला, त्यावरून आठवलं. गच्चीवर विमान बांधायची जिद्द आपल्याच माणसाने करून दाखवली आहे. कांदिवलीच्या अमोल यादव या वैमानिकाने इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान तयार केलं. २०१६ साली वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, तोंडात बोटं घातली. पुढे नोंदणी झाली २०१७ च्या नोव्हेंबरात आणि उडवून पाहायची परवानगी मिळाली २०१९ च्या ऑक्टोबरात. मुंबईत गच्ची मिळणं अवघड समजतात. तिच्याहून अवघड काय असतं ते यादवांना विचारावं.

परदेशात परवानगी लवकर मिळते पण मोटारच येत नाही. कॅलिफोर्नियाच्या पॉल मोलरने चार आसनांची लालचुटूक 'स्कायकार' बनवण्यात आयुष्यातली काही दशकं घातली. ती तरंगली, पण क्रेनला बांधलेल्या दोरासकट. गुंतवणूकदारांना दाखवलेल्या गोड चित्रांवरून २००३ साली तिकडच्या शेअर बाजार नियामकाने त्याला कोर्टात खेचलं आणि प्रकरण तडजोडीने मिटलं. स्लोव्हाकियाच्या श्टेफान क्लाइनने मात्र खरोखर करून दाखवलं. २८ जून २०२१ रोजी त्याची 'एअरकार' नित्रा विमानतळावरून उडाली, ३५ मिनिटांत ब्रातिस्लाव्हाला उतरली, पंख मिटले आणि तो ती चालवत शहरात गेला. पुढच्या वर्षी प्रमाणपत्रही आलं. ती उडवायला वैमानिकाचं लायसन लागतं आणि धावपट्टी लागते, म्हणजे पुणेकराला आधी लोहगावपर्यंत रस्त्यानेच जायचं आहे. तिथवर पोचलेला माणूस उडण्यापेक्षा चहा घेणं पसंत करेल.

अलीकडच्या कंपन्या हुशार निघाल्या. त्यांनी चाकांचा नादच सोडला. आता विजेवरच्या हवाई टॅक्सीची बोली चालते. उबरने २०१६ साली मोठा आराखडा मांडला, २०१८ साली ज्या देशांकडे पाहतोय म्हणून सांगितलं त्यांत भारत होता, मुंबईचंही नाव होतं. २०२० साली तो सगळा विभागच दुसऱ्या कंपनीला देऊन टाकला. जर्मनीची व्होलोकॉप्टर २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये प्रवासी नेणार होती. ऑलिंपिक वेळेवर झालं, टॅक्सी नाही झाली, आणि वर्ष संपता संपता कंपनीनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. दिल्लीत कॅनॉट प्लेसहून गुरुग्रामला सात मिनिटांत नेण्याची घोषणा २०२३ साली झाली. सात मिनिटांवर माझा विश्वास आहे. त्याआधी टॅक्सीच्या तळापर्यंत रिक्षा, मग तपासणी, मग माणशी वजन आणि 'या पिशवीत काय आहे?' 'लोणचं आहे हो, मुलीकडे चाललोय' हा संवाद, हे त्या सात मिनिटांत धरलेलं नसतं. आपले नितीन गडकरीही हवेतून जाणाऱ्या बसबद्दल भाषणांत सांगत असतात. त्यांचा हिशोब मला त्यातल्या त्यात पटतो, कारण ते निदान बस म्हणतात. वर जायचंच असेल तर पन्नास माणसांनी मिळून जावं.

ज्याला एकट्यानेच जायची हौस आहे त्याच्यासाठी कॅलिफोर्नियातली अलेफ ही कंपनी आहे. तिची गाडी रस्त्यावर उभ्या दुसऱ्या गाडीवरून उडी मारून पलीकडे जाते, असा व्हिडिओ २०२५ च्या फेब्रुवारीत तिने दाखवला. किंमत सुमारे तीन लाख डॉलर. नाव नोंदवायला दीडशे डॉलर पुरतात. रस्त्यावर तिचा वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास ठेवलेला आहे. हे मात्र आपले रस्ते नीट पाहून ठरवल्यासारखं वाटतं. वाचकांपैकी कुणी नोंदणी करणार असेल तर माझी एकच विनंती आहे. डॉलर नंतर भरा. सोसायटीच्या एनओसीचा अर्ज आजच देऊन ठेवा, दोन प्रतींत, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.